रूबेनचा उजवा जोडा

मुंबईहून येताना पोटच्या पोरानं आईला लुगडं आणावं. रूबेननं शास्त्र आणलं. शेगुलाबाई वाकरुळकरांचं हे गाऱ्हाणं सोलापुरात ऐकून घ्यायचं कुणी उरलं नव्हतं. शेजारच्या गौरम्माला तर ते कानडीतसुद्धा सांगून झालं होतं.

मुंबईत हा थोरला लेक कुणा बगदादी यहुदी पंडिताकडे शिकला आणि गिरणीत कारकुनी करायला घरी परतला, तो अंगात शास्त्र देणारा मोशे संचारल्यासारखाच. दुधाचं पातेलं मटणाच्या पातेल्याला का टेकलं? शनिवारी चूल कुणी फुंकली? बायको ताट घेऊन उभी, आणि हा बोटाला थुंकी लावून पानं उलटतोय. सागुतीवर चरबी थिजायची, मग हा म्हणायचा, "खायला हरकत नाही."

"हरकत नसंल रे, पण आता चव बी न्हाई," शेगुलाबाई म्हणायच्या.

एवढं सगळं त्यांनी सोसलं. पण त्यानं मिलकाच्या लग्नात खोडा घातला, तेव्हा त्यांचं टाळकं सटकलं.

मिलका ही त्यांची धाकटी सून. धाकटा लेक दाविद तापानं गेला तेव्हा पोरगी विशीचीही नव्हती. मूलबाळ नाही, माहेरी कुणी नाही. वाकरुळकरांत विधवेचं लग्न कधी झालं नव्हतं. शेगुलाबाईंनी ठरवलं, आता होईल. दौंडला रेल्वेत गार्ड असलेला शलोम नावाचा बिजवर त्यांनी स्वतः जाऊन पाहिला, त्याचं घर पाहिलं, त्याच्या आईचं तोंडही ऐकलं, आणि सुपारी फोडूनच परत आल्या. मिलका कित्येक महिन्यांनी केसांना तेल लावून बसली.

रूबेननं पुस्तक मिटलं. "आई, हे लग्न होत नाही. नवरा मूल न होता मेला, तर त्याचं घर पुढं चालवायला बायको दिराशी बांधलेली राहते. दिरानं तिला मोकळं केल्याशिवाय दुसरं लग्न नाही."

"दीर तूच की. कर मोकळं."

"त्याला विधी आहे." रूबेन जरा घुटमळला. "मी उजव्या पायात चामड्याचा जोडा घालायचा. तिनं तो चारचौघांत सोडून काढायचा. मग... माझ्यासमोर जमिनीवर थुंकायचं. आणि म्हणायचं, जो भावाचं घर उभं करत नाही त्याचं असंच व्हावं."

शेगुलाबाईंना शास्त्र पहिल्यांदाच आवडलं.

"आमच्या कोकणातल्या म्हाताऱ्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं," त्या म्हणाल्या, "पण लिवलंय ना? मग आपन करू. उद्याच करू."

उद्या काही उजाडेना. भवानी पेठेतल्या भिमा चांभारानं जोडा शिवला, तर रूबेनला त्यात सुताचा टाका दिसला; चामडं चामड्यानंच शिवलेलं हवं. भिमानं दुसरा केला, तो सैल. "मालक, दुसरा पाय कुणाचा हाय?" असं भिमा विचारायला लागला, कारण नुसता उजवाच जोडा करून घेणारं गिऱ्हाईक त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. तिसरा जोडा बसला, तर रूबेन म्हणाला, विधीतल्या शब्दांचे मिलकाचे हिब्रू उच्चार कच्चे आहेत. ती बिचारी भाकरी थापताना, अंगण झाडताना तेच शब्द घोकायची. गौरम्माच्या पोपटालाही ते पाठ झाले. रूबेनला मात्र नाहीत पटले.

तेवढ्यात दौंडहून निरोप आला. नव्याच्या सणाआधी, नवं वर्ष लागायच्या आत काय ते सांगा, नाहीतर आम्ही ठाण्याची मुलगी बघतो.

मिलकानं तेलाची बाटली फडताळात मागे सारली. शेगुलाबाईंनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या गाडीत बसल्या आणि पुण्याहून, तिथली प्रार्थना चालवणाऱ्या हजानांना घेऊनच परतल्या. वाटेत त्यांनी समाजातली आणखी चार माणसं गोळा केली.

हजानांनी जोडा उलटापालटा केला, मिलकाकडून शब्द म्हणवून घेतले आणि म्हणाले, "उत्तम आहे. बसा."

रूबेनला पळायला वाट राहिली नाही. अंगणात तो भिंतीला टेकून पाय रोवून उभा राहिला. मिलकानं शब्द म्हटले. त्यानंही पुटपुटून आपले म्हटले. तिनं वाकून गाठ सोडली, जोडा काढून बाजूला टाकला. आता थुंकायचं.

मिलकाचं तोंड कोरडं पडलं. तिनं ओठ हलवले, गाल आत ओढले. काही येईना. पाच पुरुष टक लावून बघत होते, कारण त्यांना दिसलंच पाहिजे असा नियम होता.

"चिंचेचं बुटुक द्या तिला," गौरम्मा भिंतीवरून म्हणाली.

"नाही चालत!" रूबेनला एकदम हुरूप आला. "थुंकी आपसूक आली पाहिजे. खाऊन आणलेली बाद. हजानसाहेब, पुढच्या महिन्यात करू."

हजान नाइलाजानं म्हणाले, "खाता येत नाही, हे खरं आहे."

"बोलता येतं?" शेगुलाबाईंनी विचारलं.

"बोलायला काय हरकत आहे?"

शेगुलाबाई पदर खोचून सुनेसमोर बसल्या. "मिलके, हिकडं बघ. कवळी चिंच. हिरवी, बी न धरलेली. पाट्यावर ठेचली, बरं का. वर जाडं मीठ, लवंगी मिरच्या, लसणाची पाकळी. अजून गूळ घातला न्हाई हं. त्यातलं बोटभर उचललं, नि असं जिभेच्या कडेला लावलं..."

एका म्हाताऱ्यानं आवंढा गिळला. हजानांनी रुमाल काढला. भिंतीवर गौरम्मा मिटक्या मारत होती.

मिलकानं चांगली सणसणीत पिंक टाकली. रूबेनच्या अंगठ्यापासून वीतभर अंतरावर. मग खणखणीत आवाजात शेवटचं वाक्य म्हटलं, एकही उच्चार न चुकता. जमलेल्यांनी रीतीप्रमाणे तीनदा "जोडा काढलेला!" असं म्हटलं. गौरम्मानं चौथ्यांदा म्हटलं.

"झालं," हजान म्हणाले. "बाई मोकळी."

मिलका रडायला लागली. शेगुलाबाईंनी तिला आत पाठवलं, दौंडला तार करायला एका म्हाताऱ्याला पिटाळलं, आणि मग त्या लेकाकडे वळल्या. तो अजून एका पायानं अनवाणी, भिंतीला चिकटून उभा होता.

"रूबेन, तुझं शास्त्र खरं होतं. म्हणून तर मी ते मानलं, पुण्यापातुर गेले. खोटा होतास तू. चारचौघांत बाईमाणूस आपल्यापुढं थुकनार, ह्याला भ्यालास, आनि नाव देवाचं घेतलंस. त्या पोरीला टांगून ठेवलंस. देवाला उत्तर तू दे, तुझी नि त्याची वळख हाय. माझ्यापुरतं एवढंच, शेण आन, नि त्या पिंकेवर सारवण घाल. व्हय, तूच. पुस्तकात बघू नको, बायकापुरुष दोघांनाबी चालतं."