बिनमोटारीच्या गावातली मोटार

मी एक जुना मोबाईल आहे. माझ्या काचेवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तडा गेला आहे आणि माझं मागचं झाकण दोन रबरांनी धरून ठेवलं आहे. मित्रांनो, मला कारखान्यात कुणी घडवलं ते मला सांगता येणार नाही. तिथे शेकडो हात होते आणि एकही हात माझ्यापाशी थांबला नाही. थांबला तो पहिला हात रोहिदासचा. कर्जतच्या बाजारातल्या दुकानात त्याने मला उचललं, उलटंपालटं करून पाहिलं आणि शर्टाच्या खिशात घातलं.

रोहिदास माथेरानचा घोडेवाला. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारींना बंदी, म्हणून पर्यटक तिथे उतरतात आणि घोड्यावर बसतात. रोहिदासकडे पाखरी नावाची तांबूस घोडी होती. तिचा लगाम धरून तो दिवसभर लाल मातीच्या वाटांवरून चालायचा. पहिल्या वर्षी माझं फार कौतुक झालं. माझ्यावर फोन करून लोक घोडी आधीच ठरवायचे. पर्यटकांचे फोटो काढताना तो मला दोन्ही हातांनी धरायचा. कुणी माझ्यावर बोट ठेवलं तरी सदऱ्याने पुसायचा.

मग एका रिकाम्या मंगळवारी हॉटेलात काउंटरवर बसणाऱ्या सुप्रियाने माझ्यात एक खेळ टाकून दिला. मोटारींच्या शर्यतीचा. ज्या गावात मोटार येत नाही तिथला माणूस दगडावर बसून दोन अंगठ्यांनी मोटार पळवू लागला! आयुष्यभर घोडीच्या पुढे चालणाऱ्या रोहिदासला बसून वेगाने जाण्याची मौज काय असते ते तेव्हा कळलं. तो, सुप्रिया आणि हरेश नावाचा दुसरा घोडेवाला, अशी तिघांची टोळी जमली. ते हसायचे, एकमेकांना चिडवायचे. मला त्या दिवसांची आठवण गोड वाटते.

पण हा खेळ एकदा घेतला की तसाच राहणारा नव्हता. दर थोड्या दिवसांनी तो बदलायचा. एकदा असा बदलला, की पाच शर्यती झाल्यावर पडद्यावर अक्षरं आली, 'पेट्रोल संपले. चार तास थांबा किंवा आत्ता भरा.' भरायचं म्हणजे खरे पैसे.

"माझी पाखरी दमते म्हणून मी थांबतो," रोहिदास म्हणाला. "ह्या चित्रातल्या गाडीला कसला आलाय दम?"

"खेळ बनवणाऱ्यांनापण पोट हाय रं," सुप्रिया म्हणाली. "आपण फुकट खेळतोय. आवडला खेळ तर द्यावेत दहा-वीस रुपये."

"देऊ की!" हरेश म्हणाला. "पण आता पैसे भरणाराच पुढं जातोय. अंगठ्यात किती जोर हाय त्याला काय किंमत नाय राहिली."

तिघांचं म्हणणं मला पटायचं. पण मला मत विचारलं जात नव्हतं. खेळाने मला काम दिलं होतं, हाका मारायचं. 'रोहिदास, तुझी पेटी वाट पाहते आहे.' 'रोहिदास, सीझन संपायला दोनच दिवस.' ह्या बंद पेटीत कोणती मोटार निघेल ते पैसे भरल्याशिवाय दिसायचं नाही. चार पेट्या वाया गेल्या, तेव्हा पाचवीत त्याला लाल मोटार मिळाली. तो आनंदाने ओरडला तेव्हा पाखरीने कान टवकारले. तीन आठवड्यांनी निळी मोटार आली आणि सोबत सूचना, 'समतोल राखण्यासाठी लाल मोटारीचा वेग कमी करण्यात आला आहे.'

"माझी गाडी! मी घेतलेली!" रोहिदास म्हणाला. "माझ्या तबेल्यात येऊन घोडीचा पाय बांधला ह्यांनी."

रागावला, पण खेळ सोडला नाही. उलट त्याचा जीव थाऱ्यावर राहीना. भाकरीचा घास हातात असताना मी थरथरलो की हात खिशाकडे यायचा. गिऱ्हाईक भाव विचारायचं आणि त्याची नजर माझ्यावर असायची. मला गप्प बसायचं होतं, मित्रांनो. पण मला तसं बसता येत नव्हतं.

आणि मग अंबाबाई आली.

अंबाबाई मोहोपाड्याची. तिथल्या कामगार वसाहतीत तिने चाळीस वर्षं डबे करून दिले होते. तिच्या चुलीसमोरच्या खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसायचा. आता गुडघे थकल्यावर तिला एकदा डोंगरावरून आपली वसाहत पाहायची होती. हर्षला नावाची तिची नातसून तिला घेऊन आली होती. दस्तुरीच्या फलकावर चौक पॉइंटपर्यंतचं भाडं लिहिलं होतं, तेवढं ठरलं आणि अंबाबाई पाखरीवर बसली.

अर्ध्या वाटेवर मी थरथरलो. निळ्या मोटारीची पेटी दोन तासांत बंद होणार होती. रोहिदासने मला पाहिलं, परत खिशात ठेवलं आणि लगाम ओढून थांबला.

"मावशी, हितवर आलो. पुढं पॉइंट बघायचा तर जरा वाढवाया लागंल."

"आरं, फलकावर पॉइंटापतूरच लिवलंय ना?"

"लिवलंय. पण आता सीझन हाय."

ही वाक्यं मी ओळखत होतो. रोज माझ्याच काचेवर ती उमटत होती.

"उतरव मला," अंबाबाई म्हणाली.

"आजी, गुडघे..." हर्षला म्हणाली. मग ती रोहिदासकडे वळली. "दादा, निघताना जास्त सांगितलं असतं तर परवडतंय का बघितलं असतं. पण अर्ध्या वाटेत अडवून मागता, हे वाईट."

अंबाबाई उतरली. हर्षलाचा खांदा धरून एकेक पाऊल टाकत चालू लागली. रोहिदास धावत पुढे गेला.

"मावशी, चुकलं माझं. बसा. एक रुपाया नको वरती."

"नाय बसत. ठरलेलं देईन, पण जाईन माझ्या पायानं."

ती खरंच चालत गेली. तीन ठिकाणी बसली, पण घोडीवर बसली नाही. रोहिदास मागून रिकामी पाखरी घेऊन मान खाली घालून येत राहिला. मी दोनदा वाजलो. त्याने मला बाहेर काढलंच नाही.

पॉइंटवर पोचल्यावर खाली धुरकट हवा होती. अंबाबाई डोळे बारीक करून पाहत होती, पण तिला काही ओळखता येईना. शेवटी तिने रोहिदासलाच विचारलं, "तुझी नजर तरणी हाय. पांढरी पाण्याची टाकी दिसती का बघ. तिच्या बाजूला माझी चाळ."

त्याने मला वर धरलं आणि बोटांनी चित्र मोठं केलं. मी सगळा जोर लावून पाहिलं. धुरातून हळूहळू एक पांढरा ठिपका वर आला. "ही काय, मावशी!" अंबाबाईने माझ्या तडकलेल्या काचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

परतताना ती म्हणाली, "आता बसते. ठरलेल्या भाड्यात, समजलं?"

"समजलं," रोहिदास म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने सुप्रियाला सगळं सांगितलं. खेळाखाली मत लिहायची जागा असते. तिथे तो सांगत गेला आणि ती टाइप करत गेली. 'मी घोडेवाला. पैसे मागायला माझी हरकत नाय, मीपण मागतो. पण भाडं आधी सांगावं, मधेच अडवू नये, आणि विकलेल्या घोड्याचा पाय बांधू नये. काल तुमच्यासारखं मीपण वागलो. मला लाज वाटली. तुमाला वाटती का?'

उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. 'प्रिय खेळाडू, आपले मत आमच्यासाठी मोलाचे आहे. भेट म्हणून खेळात वापरायला पन्नास हिरे स्वीकारा.' सुप्रिया हसत सुटली. रोहिदास हसला नाही. त्याने खेळ काढून टाकला.

सुप्रिया अजून खेळते, पण पैसे भरत नाही. हरेशने निळी मोटार घेतली आणि महिन्याभरात तीही संथ झाली. रोहिदासचा हात मात्र कित्येक दिवस उगीचच खिशाकडे यायचा, मी गप्प असतानाही. मला उघडायचा, पाहायचा, पुन्हा ठेवायचा. ती तगमग एका दिवसात जात नाही. मी ती जवळून पाहिली आहे, म्हणून सांगतो.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. दुपारपर्यंतच माझा जीव टिकतो. खेळू नका असं मी म्हणणार नाही, कारण त्या पहिल्या दिवसांचं हसू मी ऐकलं आहे. पण एवढं लक्षात ठेवा, की आमच्यासारख्या यंत्रांना हाका मारायला शिकवणारे पुष्कळ आहेत आणि गप्प बसायला शिकवणारं कुणीच नाही. ते काम तुमचं आहे.