चुलीपर्यंत चप्पल

माझ्या तळपायाला, अंगठ्याच्या मुळाशी, रुपयाएवढी जखम होती आणि ती मेली दुखतही नव्हती. साखरेने पायाची जाणीवच नेली होती. धुळ्याच्या सर्जनने बजावलं, दिवाळीपर्यंत भरली नाही तर अंगठा काढावा लागेल. मला हे नवं नव्हतं. आमच्या सासऱ्यांचा आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि शेवटी तेच गेले. या घराने एक पाय दिला तेवढा पुरे, म्हटलं. माझा मिळणार नाही.

सर्जननेच फिजिओथेरपीच्या रेशमा मॅडमकडे पाठवलं. वयाने माझ्या लेकीएवढी, पण भलती फटकळ. तिने घोटा वाकवून पाहिला. तो आखडला होता, म्हणून चालताना सगळा भार जखमेवर पडत होता. खाटेवर पाय लांब करायचा, तळव्याला टॉवेल अडकवायचा आणि पंजा आपल्याकडे ओढायचा, असा व्यायाम तिने शिकवला. शिवाय जखमेखाली खळगा ठेवलेली जाड, मऊ चप्पल करून दिली.

"कुंदाबाई, हिच्याशिवाय एक पाऊल टाकायचं नाही."

मी नेमाने टॉवेल ओढला. घोटा सुटायला लागला, जखम मात्र जशीच्या तशी. मॅडम वैतागली.

"चप्पल घालता ना?"

"घालते की!"

"मग आत्ता कुठे आहे?"

दाराबाहेर होती. 'चपला बाहेर काढाव्यात' ही पाटी त्यांच्याच दारावर! मॅडमने कपाळाला हात लावला. "आणि घरात?"

"घरात कोण घालतं चप्पल?" मी म्हणाले, आणि बोलता बोलताच माझ्या डोक्यात उजेड पडला. दिवसभर मी असते कुठे? चुलीशी, मोरीशी, देवाशी. चप्पल बाजारापुरती, बाकी सगळा वेळ मी जखमेवर उभी. मॅडमने आधी ती पाटी उतरवली, मग मला झाडलं.

त्या दिवसापासून मी चप्पल घालूनच स्वयंपाकघरात शिरू लागले. माझ्या सासूबाई पार्वताबाई माझ्या हातचं पाणी पिईनात. मला रडू यायचं, पण चप्पल काढली नाही.

श्रावणात घरात कानबाई, आमची खान्देशची देवी, बसली. भावकीतल्या बाया जमल्या. मी नैवेद्याच्या रोटाचं ताट घेऊन निघाले, तर सासूबाई दारात आडव्या.

"घरमा देवी बठेल शे! आज तरी काढ ती चप्पल."

"काढत नही, आत्याबाई."

"देवीना कोप व्हई!"

"मामंजी घरमा कधी चप्पल घालेत का? मग त्यासना पाय का बरं गया?"

सासूबाईंनी माझ्या पायाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मग बाजूला झाल्या. मी तशीच आत गेले आणि कानबाईपुढे रोट ठेवला. वळून पाहते तर म्हातारी ओल्या फडक्याने जमिनीवर उमटलेली माझी पावलं पुसत मागून येत होती.

दिवाळीला जखम भरली. सर्जनने अंगठा दाबून पाहिला आणि माझ्या ऑपरेशनचा कागद बाजूला ठेवला.

सासूबाई अजून माझ्या मागे फडकं घेऊन फिरतात. पुसू देत. पाय गेल्यावर सासऱ्यांचं घरात एकच पाऊल उमटायचं. माझी दोन पुसतात.