लेकीला पोचतं, एवढंच सांगितलं होतं

मी एक मोबाईल बोलतोय. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले आणि मी निमूटपणे पोचवत राहिलो. आज मात्र मला माझं सांगायचं आहे.

जन्म कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांच्या रांगेत एकीनं माझी काच बसवली, दुसरीनं मला डब्यात निजवलं. त्यांतल्या कुणाचाच चेहरा मला आठवत नाही. पहिली मालकीण नर्स होती. तिच्या खिशात, औषधांच्या वासात माझं तरुणपण गेलं. मग तिनं नवा फोन घेतला आणि मला पुसूनबिसून शेजारच्या काकांना देऊन टाकलं.

काका सोफे दुरुस्त करायचे. घराची पुढची खोली हेच दुकान. फोमच्या लाद्या, रेक्झिनच्या गुंडाळ्या आणि मधे पाय वर करून पडलेला कुणाचा तरी सोफा. ओठांत चार चुका, म्हणजे ते बारीक खिळे, धरून काका दिवसभर ठोकत बसायचे. तोंडात खिळे असले की बोलावं लागत नाही, हे त्यांना फार सोयीचं होतं.

त्यांची एकुलती एक लेक दुसऱ्या गावी पाळणाघर चालवायची. कॉलेजात असताना तिला मनाचा आजार झाला होता. शिक्षण सुटलं, काही महिने इस्पितळात गेले. त्यातून ती स्वतःच्या हिमतीवर उभी राहिली. गोळ्या अजून चालू होत्या, पण नव्या गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं. फोन करायची तो आईला, आईच्या बटणांच्या फोनवर. बापलेकीचं बोलणं ‘जेवलीस का’पाशी सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं.

एकदा काका नर्सला म्हणाले, “अगं, ते फोटोबिटो टाकतात ना, त्यात आमची पोरगी असते म्हणे. मलाही शिकव की.”

नर्स ड्युटीवर निघाली होती. तरी तिनं दारातच त्यांचं खातं उघडून दिलं. फोटोसाठी काकांनी केस विंचरले आणि श्वास रोखून असे उभे राहिले, जणू कुणी इंजेक्शनच देणार आहे. लेकीनं मैत्रीची विनंती लगेच स्वीकारली. काकांचा चेहरा उजळला.

“हे बघा, ताईनं पाळणाघराचे फोटो टाकलेत. खाली या चौकोनात लिहायचं आणि हा बाण दाबायचा. झालं!”

“म्हणजे लेकीला पोचतं?”

“लगेच पोचतं, काका.”

ती खोटं बोलली नाही. आणखी कुणाकुणाला पोचतं, ते सांगायला मात्र तिला वेळ नव्हता. तिची बस आली होती.

काकांनी तोंडातल्या चुका काढून वाटीत ठेवल्या. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं : ‘पिल्लू, फोटो छान. मुलं गोड आहेत. इतकी पोरं सांभाळताना डोक्याला ताण देऊ नकोस. गोळ्या वेळेवर घे. इस्पितळात तुला बांधून ठेवलं होतं ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. पुन्हा तसं नको व्हायला. तुझा बाबा.’

इतक्या वर्षांत जे तोंडून फुटलं नव्हतं, ते त्यांनी माझ्या हवाली केलं. बाण दाबला. मी पोचवलं. मला दुसरं काही येतच नाही.

थोड्या वेळानं अंगठे उमटू लागले, रडके चेहरे, हात जोडलेले. काका हरखले. “अहो ऐकलंत का, लोकांना आवडलं!” बायकोला चिडवायचं असलं की ते तिला ‘अहो’ म्हणत.

“काय लिहिलंत एवढं?” काकूंनी आतून विचारलं.

“बापानं लेकीला लिहावं ते.”

तेवढ्यात मी वाजलो. लेकीनं पहिल्यांदाच माझ्यावर फोन केला होता.

“बाबा, काय लिहिलंत तुम्ही ते?”

“मिळालं ना तुला?”

“सगळ्यांना मिळालंय, बाबा! मुलांच्या आयांना, बापांना, सगळ्यांना. मी पुसलं, पण त्यांनी आधीच एकमेकांना पाठवलंय. आया दारात उभ्या आहेत. मुलांच्या पिशव्या मागताहेत.”

काकांची नजर वाटीतल्या चुकांवर गेली. ठोकलेली चूक त्यांना पकडीनं उपटता येत होती. ही कशी उपटायची?

नर्स यायला अवकाश होता. काकांना धीर धरवेना. आता त्यांना कळलं होतं की सगळे वाचतात, मग सगळ्यांनाच समजावून सांगावं असं त्यांना वाटलं. त्यांनी पुन्हा लिहिलं : ‘पाळणाघरातल्या सर्व आईवडिलांना हात जोडून विनंती. माझ्या मुलीचा आजार आता पुष्कळ बरा आहे. ती कुणाच्याही मुलाला काही करणार नाही.’

त्यांचं बोट बाणाकडे वळलं, तेव्हा मला वाटलं बंद पडावं. पण मी चांगला फोन होतो. पोचवलं.

‘काही करणार नाही’ हे शब्द वाचून, ज्या दोन-चार आयांनी मुलं ठेवली होती, त्यांनीही नेली. लेकीनं पाळणाघराला कुलूप लावलं, खातं बंद केलं. आता ती एका गोदामात खोकी भरते. तिचा आजार उलटला नाही. उलटली ती माणसं.

नर्स काकांसमोर रडली. काका तिला एवढंच म्हणाले, “तू कशाला रडतेस, पोरी? लिहिलं मी.”

त्यानंतर त्यांनी मला हातात घेतलं नाही. मी शिलाई मशीनवर पडून असतो. कापडाची धूळ माझ्या भोकांत भरली आहे, आवाज घोगरा झाला आहे.

परवा काकूंच्या फोनवर लेकीचा फोन आला. “बाबा आहेत का गं?”

काका समोरच बसले होते. त्यांनी घाईघाईनं हातानं ‘नाही’ अशी खूण केली.

“बाहेर गेलेत,” काकू म्हणाल्या.

मग लेक म्हणाली, “बरं. आले की सांग, मी विचारत होते.”

ते काकांना स्पष्ट ऐकू आलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

माझी बॅटरी आता फार टिकत नाही, म्हणून एक मागणं मागून घेतो. एखाद्या वयस्क माणसाच्या हाती माझ्यासारखा फोन द्याल, तेव्हा घडीभर शेजारी बसा. कुठे दाबायचं ते नंतर शिकवा. पलीकडे कोण कोण उभं आहे, ते आधी सांगा. मला ती सगळी माणसं दिसत असतात, पण मला सांगता येत नाही.