माझ्या गोलाबाहेरची उर्वशी

"मामाजी, डोळे दाखवून या ना. शिबिरातले डॉक्टर सांगत होते, काचबिंदू दुखत नाई, गुपचूप नजर खाते."

राखीचं हे बोलणं तिच्या सासऱ्यांनी, धावजींनी, हसण्यावारी नेलं. "माह्या डोळ्याले घार लाजते, पोरी!" सोयाबीन काढणीची घाई होती. राखीनेही मग विषय सोडला.

मित्रांनो, ते बोलणं मी खुंटीवरून ऐकलं. मी धावजींची दुर्बीण, काळी, एका अंगाचं कातडं सोललेली. कारखान्यात मला भिंगं मिळाली, पण पाहायला शिकवलं धावजींनी. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी माझा पट्टा गळ्यात घालून घालून झिजवला. निवृत्तीनंतरही हिवाळ्यात ते पोरांना उकंडा नावाड्याच्या डोंग्यातून धरणातल्या बेटावर पक्षी दाखवायला नेत. पोरं मला घ्यायला भांडत. काय सुख होतं ते!

माझ्यातून जग गोल दिसतं. गोलाबाहेर सगळा काळोख. धावजींना त्याची इतकी सवय, की मी डोळ्यांना नसतानाही कडा काळ्या होत चालल्या, ते त्यांना उमगलंच नाही. खांदा चौकटीला लागला की ते चौकटीवर चिडत. ताटाशेजारचा पेला लवंडला की पेला ठेवणाऱ्यावर.

त्या हिवाळ्यात एके दिवशी डोंग्यात राखी होती आणि तिची लहानगी उर्वशी. राखी पोरीच्या जाकिटाचे बंद पुन्हा पुन्हा ओढून पाहत होती.

"वहिनी, पोरगी पाण्यात नाई, तुमच्या गाठीनंच गुदमरन," उकंडा म्हणाला.

बेटावरच्या बाभळीवर चित्रबलाकांची घरटी होती. "ते पाय, पिल्लाले मासा भरवून राह्यली!" धावजी मोहरून म्हणाले.

"आबाजी, मले द्या ना." उर्वशी त्यांच्या शेजारीच उभी होती.

धावजींनी मला समोर धरलं, रिकाम्या हवेत. "घे ना. कुठं लपली वं?"

"इथंच तं आहो!" खेळ समजून ती खिदळली.

राखी मात्र हसता हसता थांबली. ती काही बोलणार, तोच डोंगा बेटाला लागला. उतरताना धावजींचा पाय फळीच्या बाजूला पडला. ते पाण्यात गेले आणि गळ्यातली मीही. उकंडाने त्यांना ओढून काढलं.

मोठ्या दवाखान्यात कळलं, की हा काचबिंदूच, आणि गेलेली नजर परत येत नाही. उरलेली तेवढी औषधाच्या थेंबांनी जपायची.

आता माझ्या भिंगांत बुरशी आहे. धावजी ओसरीवर बसतात. उर्वशी पळत येते, अगदी समोर थांबते आणि हळूच सांगते, "आबाजी, मी समोर आहो." मग ते हात पुढे करतात.

मित्रांनो, माझी भिंगं राहू द्या. आज घरी गेलात की आजोबांच्या समोर नको, शेजारी उभे राहा. हात हलवा. त्यांनी "कुठं आहेस?" विचारलं, तर हसू नका, आईला सांगा. आणि "मले सगळं दिसते" म्हणाले, तरी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्याच.

धावजीही तसंच म्हणाले होते.