आशीर्वादाचा फोटो

गुरुपौर्णिमेच्या सकाळी आमदार वैजनाथ फोटोग्राफरला घेऊन हेमाबाईंच्या दारात उभा राहिला. नारायण पेठेतल्या शाळेत बाईंनी त्याला तीन वर्षं मराठी शिकवलं होतं. ती शाळा गेल्या जूनमध्ये बंद पडली.

"बाई, पाया पडायला आलो."

"थांब. शाळेबद्दलची आमची पत्रं मिळाली?"

"मिळाली ना! लगेच पोस्ट टाकली, 'मराठी शाळा वाचवा' म्हणून. दीड लाख लोकांनी पाहिली."

"त्यातला एकही शाळेकडे फिरकला नाही." बाईंनी टेबलावरचे कागद उचलले. विधानसभेच्या वेबसाइटवरून मुलीने, तनयाने, ते छापून आणले होते. "दोन वर्षांत एकतीस प्रश्न विचारलेस तू. सगळे वाचले. सव्वीस इमारतींच्या उंचीवर, पाच प्लॉटच्या आरक्षणावर. यात शाळा कुठे आहे?"

वैजनाथने आवाज खाली आणला. "सभागृहातलं वाचतं कोण, बाई?"

"मी वाचते. निघ आता."

तरी तो वाकलाच. बाईंनी पाय मागे घेतले आणि त्याला ढकलायला हात पुढे केला. हात डोक्याला लागला, तेवढ्यात फोटो निघाला.

दुपारी तो फेसबुकवर झळकला: 'जिने मराठी दिली, त्या माउलीचा आशीर्वाद.' बाईंनी खाली एकतीस प्रश्नांबद्दल लिहिलं. पाच मिनिटांत ते गायब. पुन्हा लिहायला गेल्या, तर ब्लॉक. त्यांनी आमदाराच्या ऑफिसला फोन लावला.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," पलीकडून उत्तर आलं. "फोटो मात्र छान आलाय हं तुमचा, काकू."

बाईंनी फोन आपटला.

संध्याकाळी मालनबाईंचा फोन आला. त्या शाळेत शिपाई होत्या. शाळेबरोबर त्यांचीही नोकरी गेली होती. प्रत्येक पत्रावर बाईंच्या सहीखाली त्यांची सही होती.

"बाई, तुम्हीसुद्धा?"

"अहो, मी ढकलत होते त्याला!"

"फोटूत तर हात डोक्यावर हाय."

"मी येते, कागद दाखवते तुम्हाला."

"नका येऊ. सुनेनं साऱ्या वस्तीला दाखवलाय तो फोटू. काय सांगू मी लोकांना?"

बाई तरीही गेल्या. मालनबाईंनी कागद दारातच घेतले. आत या, असं काही त्या म्हणाल्या नाहीत.