दमाबाईच्या तोंडावरचा हात

सुभद्रानं चावा घेतला की दात रुतल्याशिवाय ती सोडत नसे. पाच वर्षांची पोर. बाप लकडगंजातल्या आरा मशीनवर कामाला, आई घरोघर धुणीभांडी करणारी. त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी ती बालवाडीत आली, आणि थोड्याच दिवसांत निम्म्या पोरांच्या दंडांवर तिच्या दातांचे वण उमटले. शिकवणाऱ्या प्रेमिलाबाईंनी तिला समजावून पाहिलं, गूळफुटाणे देऊन पाहिले, वेगळं बसवून पाहिलं. हात उगारणं मात्र त्यांना जमणारं नव्हतं. घरात लहानपणी जो मार पाहिला होता, तो त्यांना जन्मभर पुरणार होता.

एका दुपारी सुभद्रानं अनंतच्या खांद्याला कडकडून चावा घेतला आणि वर्गात एकच रडारड झाली. तेव्हा प्रेमिलाबाई सगळ्यांना जवळ घेऊन बसल्या आणि सुचेल तसं सांगत गेल्या. धान्याच्या पिंपाशेजारी जो रिकामा कोपरा आहे ना, तिथं दमाबाई बसते. ती डोळ्यांना दिसत नाही. तिला कसलीच घाई नसते. राग आला की तिच्याजवळ जाऊन बसायचं. ती श्वास घेईल तसा घ्यायचा, ती सोडील तसा सोडायचा, आणि राग उतरला की तिला सांगून उठायचं. पोरांनी विचारलं, ती दिसते कशी? प्रेमिलाबाई हसून म्हणाल्या, ज्याची त्यानं पाहावी.

दुसऱ्याच दिवशी सुभद्रा दात आवळून आपणहून कोपऱ्यात जाऊन बसली. बऱ्याच वेळानं उठली आणि अनंतच्या हातात त्याचा हिसकावलेला लाकडी घोडा देऊन आली. मग तर सगळीच पोरं जाऊ लागली. पाण्याच्या माठापाशी ढकलाढकली होईना. कोणाला धक्का लागला तर माफी मागितली जाई. कोपऱ्यात बसताना पोरं आधी म्हणत, "दमाबाई, जराशा सरका." पाहणीला आलेल्या बाईंनी तोंडभरून कौतुक केलं. प्रेमिलाबाईंना त्या दिवशी घरी जाताना पाय जमिनीला लागत नव्हते.

खिचडी शिजवणाऱ्या तुळसाबाईला मात्र ते काही बरं वाटेना. एकदा ती पदराला हात पुसत म्हणाली, "बाई, पोट्टे लय शहाणे झाले. पहिले खेकसू खेकसू जीव जाये. आता चुलीपाशी बसते तर आत कोणी आहे का नाही तेही समजत नाही. मले भेव वाटते."

प्रेमिलाबाईंनी ते हसण्यावारी नेलं. पण त्यानंतर त्यांचे कान जरा सावध झाले. खरंच, शेजारी लाकूड चिरणारी मशीन बंद पडली की वर्गात नुसत्या श्वासांचा आवाज येई. सगळ्या पोरांचा श्वास एकदम आत जाई आणि एकदम बाहेर येई.

मग सुभद्राचं बोट दारात चेंगरलं. कसं, कधी, कोणाला कळलं नाही, कारण ती ओरडलीच नाही. प्रेमिलाबाईंना फरशीवर रक्ताचे थेंब दिसले आणि त्यांच्या मागं मागं त्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. सुभद्रा गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. नख काळंनिळं झालेलं, डोळे कोरडे.

"काहून नाही रडलीस वं?" त्यांनी तिला उचलून घेत विचारलं.

"दमाबाई म्हणे, आवाज नको करू. त्यांले ऐकू जाईल."

"कोणाले?"

"ते तिनं नाही सांगितलं."

प्रेमिलाबाईंनी बोटाला हळद लावली, चिंधी बांधली. चिंधीची गाठ त्यांना दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली. मग त्यांनी एकेका पोराला चुलीपाशी नेऊन, दुसऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, की दमाबाई तुला कशी दिसते? पोरांनी क्षणभरही विचार केला नाही. पांढरं लुगडं नेसते. डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. एक हात सारखा तोंडावर दाबून धरते. शेवटच्या पोरापर्यंत सगळ्यांनी तेच सांगितलं.

प्रेमिलाबाईंची आई, अंजनाबाई, जाऊन आता कितीतरी वर्षं झाली होती. धर्मांतराच्या सोहळ्याला जाताना तिनं पांढरं लुगडं घेतलं होतं आणि फाटकी पाळी दिसू नये म्हणून त्यावर केस ओढून घेतले होते. ती पाळी त्याआधी एका रात्री बापानं कानातलं हिसकताना फाटली होती. त्या रात्री आईनं एक हात स्वतःच्या तोंडावर ठेवला होता आणि दुसरा प्रेमिलाच्या. आवाज नको करू, त्यांले ऐकू जाईल. ही गोष्ट प्रेमिलाबाईंनी जन्मात कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

आता त्यांना समजलं. पोरांसाठी धीराची बाई घडवायला त्या निघाल्या होत्या, आणि धीर म्हणून त्यांनी आयुष्यात पाहिलं होतं ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोरांना जमवून सांगून टाकलं, की दमाबाई तिच्या गावी निघून गेली, आता ती यायची नाही. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्याकडे गेल्या आणि परत त्यांच्याकडे आल्या. मग अनंत जवळ आला आणि त्यांनीच शिकवलेल्या मऊ आवाजात म्हणाला, "बाई, असं तिच्यासमोर नका बोलू. तिले वाईट वाटते."

प्रेमिलाबाईंना पळून जावंसं वाटलं. पण पोरांना तिच्यापाशी टाकून कुठं जाणार? त्या उठल्या आणि पिंपाला पाठ लावून कोपऱ्यात बसल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, तरी तिथली फरशी गार होती. त्यांनी श्वास घेतला. शेजारून आणखी एक श्वास आला, जरासा मागून, अडखळत, नाकानं ओढलेला. तोंड झाकलेल्या माणसाचा असावा तसा.

त्यांनी मान वळवली नाही. समोर पाहतच त्या बोलल्या, "आई, ते आता नाहीत. ते जाऊन लय वर्षं झाली. आता कोणी ऐकलं तरी चालते."

काहीच झालं नाही. पोरं टक लावून पाहत होती. आणि प्रेमिलाबाईंच्या ध्यानात आलं, की आपलाच हात आपल्या तोंडावर घट्ट दाबलेला आहे. तो कधी गेला ते त्यांना कळलं नव्हतं. त्यांनी तो ओढून काढला. छातीतून जो आवाज निघाला तो त्यांच्या ओळखीचा नव्हता.

"बाई," सुभद्रा म्हणाली, "तिनंही हात काढला."

आणि ती रडायला लागली. चिंधी बांधलेलं बोट वर धरून, आत्ताच चेंगरल्यासारखी, गळा फाडून. पाठोपाठ अनंत, मग दुसरी, मग सगळी. पडल्याचं, हिसकल्याचं, ढकलल्याचं, कधीकधीचं साठलेलं रडणं एकदम बाहेर पडलं. साप निघाला असं वाटून तुळसाबाई पळत आली. शेजारच्या लाकडाच्या टालावरची माणसं दारात गोळा झाली. प्रेमिलाबाईंनी कोणालाही गप्प केलं नाही. ज्याला कुशीत यायचं होतं त्याला कुशीत घेतलं. खिचडी पार थंड झाली तेव्हा कुठं ते रडणं शमलं.

त्यानंतर बालवाडीत पुन्हा भांडणं होऊ लागली. राग आला तर मोठ्यानं सांगायचं, लागलं तर रडायचं, आणि मग बाईंजवळ येऊन बसायचं, असं प्रेमिलाबाईंनी शिकवायला घेतलं. ते फार हळूहळू येत गेलं. सुभद्रा अधूनमधून चावायचीही, पण आधी ओरडून सांगायची. तुळसाबाईनं कोपऱ्यात सरपण रचून टाकलं.

एक दिवस वेणी घालता घालता प्रेमिलाबाईंनी सुभद्राला सहज विचारल्यासारखं विचारलं, की दमाबाई आता कुठं बसते?

"आता ती बसत नाही," सुभद्रा म्हणाली. "दारात उभी राहते. कोणी मारणारं येते का, पाहून राहिली."

दुसऱ्या दिवसापासून प्रेमिलाबाई बालवाडीच्या दारातून आत शिरताना अंग चोरून, एका बाजूनं शिरू लागल्या.