साखराबाईचा आवाज

बीडच्या सभागृहात पडद्यावर साखराबाई दिसली आणि टाळ्या वाजायला लागल्या, तेव्हा डॉक्टर योगिताने मान खाली घातली. लोकांना तो तिचा विनय वाटला.

कार्यक्रम पशुवैद्यकांचा होता. मेंढपाळांच्या, भटक्यांच्या घरातल्या मुली या पेशात याव्यात, त्यांची माणसं टीव्हीवर दिसावीत, म्हणून योगिता दहा वर्षं गावोगाव बोलत आली होती, त्याचा हा सत्कार. ती स्वतः कडा गावाकडच्या सिदू मेंढपाळाची पोर. शिकून जनावरांची डॉक्टर झाली, चार वर्षं दवाखान्यात काढली आणि मग शेतीच्या एका वाहिनीवर 'जित्राब' हा कार्यक्रम करायला लागली. पडद्यावरचा तुकडा त्याच कार्यक्रमातला होता. युसूफ वडगाव या गावाच्या शिवारात बसलेली साखराबाई, मेंढी अडली तर आत हात घालून कोकरू कसं वळवायचं ते सांगत होती.

"हा खरा मातीतला आवाज!" निवेदक म्हणाला.

तो आवाज साखराबाईचा नव्हता. पुण्याच्या एका बाईचा होता, आणि त्या सभागृहात हे एकट्या योगिताला ठाऊक होतं.

चित्रीकरण झाल्यावर निर्माती स्वप्नालीचा फोन आला होता. "ताई, त्या बाईचं बोलणं लोकांना कळायचं नाही. आवाज बदलून घेऊ का?" योगिता तेव्हा एका कॉलेजात भाषणाला निघाली होती. भाषणाचा विषय होता, आपल्या पेशात कुणाकुणाला जागा आहे. उशीर होत होता. "चालेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आपली बोली पुसली जाणं म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं थोडंच होतं? पहिल्या भागाच्या वेळी तिच्या तोंडून 'न्हाई' गेलं म्हणून तिला एकच वाक्य अकरा वेळा म्हणायला लावलं होतं. त्या दिवशी ती बाथरूममध्ये जाऊन रडली होती. पुढे सवय झाली. इतकी झाली, की घरी गेल्यावरही ती तसंच बोलायची आणि वडील तिच्यासमोर कमी कमी बोलायला लागले.

सत्कारानंतरच्या रविवारी ती साखराबाईकडे गेली. मेंढरांचा वाडा अजून ज्वारी काढलेल्या त्याच रानात बसला होता. साखराबाईचा नवरा माऊली बाभळीखाली दोर वळत होता.

"या, बसा," साखराबाई म्हणाली. मग थांबून, शब्द जुळवत, "तुम्ही पाणी घेणार आहात का?"

योगिता बघतच राहिली. चित्रीकरणाच्या दिवशी याच बाईने लांबूनच हाक मारली होती, 'ये गं माय, दमली असशील.'

माऊली हसला. "टीव्हीत आल्यापून अशीच बोलती डाक्टर लोकांसंगं. त्या दिशी समदी माणसं गोळा केलती हिनं. गावातनं भाऊ आलता. मोबाइल घमेल्याला टेकवून बसलो. हिचं त्वांड हालतंय अन् आवाज भलतीचाच! लई हसले लोक."

साखराबाई हसली नाही. "माजं काय चुकलं व्हतं..." ती अडखळली. "माझं काही चुकलं होतं का, बाई?"

खरं सांगायला हीच वेळ होती. त्यासाठीच ती तीस मैल आली होती.

"नाही, मावशी," योगिता म्हणाली. "वारा फार होता. मशीनमध्ये तुमचा आवाज नीट आलाच नाही."

"आसं व्हय," साखराबाई म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका हलका झाला, की योगिताला तिथे बसवेना. चहासुद्धा न घेता ती निघाली.

परतल्यावर तिने स्वप्नालीकडे मूळ आवाज मागितला. तो केव्हाच पुसला होता. "एवढं काय त्यात, ताई?" स्वप्नाली म्हणाली.

दोन आठवडे योगिताला धड झोप लागली नाही. मग थेट प्रक्षेपणाच्या दिवशी, लाळ्या-खुरकत रोगाची माहिती अर्ध्यात थांबवून, तिने सांगून टाकलं. "साखराबाईंचा म्हणून तुमी जो आवाज ऐकला, तो त्यांचा न्हाई. बदलायला मीच हो म्हणले होते." कितीतरी वर्षांनी तो 'न्हाई' तिच्या तोंडून कॅमेऱ्यासमोर गेला. स्वप्नाली भडकली. पण लोकांनी तेवढाच तुकडा एकमेकांना पाठवला, डॉक्टरचं धाडस म्हणून कौतुक केलं, भाषणांची आणखी निमंत्रणं आली. यापुढे कुणाचाही आवाज बदलायचा नाही, असं वाहिनीने मान्य केलं. महिन्याभरात कड्याकडची एक म्हातारी आपल्याच बोलीत करडांच्या हगवणीवर वीस मिनिटं बोलली, आणि ते सगळ्यांना कळलं.

योगिताला वाटलं, आता साखराबाईकडे जायला तोंड आहे. नवीन चित्रीकरणाचं विचारायला ती गेली.

साखराबाई मेंढरांच्या खुरांना औषध लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

"समजलं मला," ती म्हणाली. "मालकानं दावलं मोबाइलात. समद्या मुलखाला सांगितलंस. माज्या म्होरं बसून मात्र वारा व्हता म्हणलीस."

साखराबाईने मेंढीचा खूर पुसला.

"त्या कड्याच्या बाईचं बी ऐकलं. लई झ्याक बोलली. माजंच कावून बदललं गं?"

"मी हो म्हणले म्हणून," योगिता म्हणाली. "मला घाई होती, मावशी. अन् तुमचं बोलणं मला माझ्या मायसारखं वाटलं. त्याची मलाच लाज वाटली असंल. चुकले मी."

मेंढीचा पाय सोडून साखराबाईने दुसरीचा धरला.

"पुन्ना बोलशील का टीव्हीत?" योगिताने विचारलं.

"न्हाई," साखराबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच त्यावर बोलायला जागा नव्हती. "लोकांपुढं एकदा हासू झालं ते बास. तू येत जा हवं तर. कॅमेरा नगं."

योगिताने मान हलवली. गाडीत स्वप्नालीने दिलेला माइक होता, तो तिने बाहेर काढलाच नाही. बाह्या वर सारून ती साखराबाईच्या शेजारी बसली. साखराबाईने औषधाचा डबा तिच्याकडे सरकवला.